गाडी बंद पडली की पाडली याबाबत

जबाब देणार : मिस्त्रीणबाई. गल्लीत सगळे याच नावाने ओळखतात. वय त्रेपन्न. विधवा. काम : गॅरेजमध्ये सुटे भाग रॉकेलमध्ये धुणं, घासणं, गिऱ्हाइकांचे निरोप घेणं. राहणार : गॅरेजच्या मागची खोली. शाळेत गेले नाही. लिहिता-वाचता येतं.

मला कोणी बोलावलेलं नाही. आज सकाळी साडेदहाला मी आपणहून साहेबांच्या टेबलाशी आले आणि त्यांच्या समोर, जमादार लिहून घेत असताना, सांगते ते असं :

गॅरेज माझ्या यजमानांचं. ते चौदा महिन्यांपूर्वी वारले. तेव्हापासून माझे धाकटे दीर ते चालवतात. त्यांना मी भाऊजी म्हणते. वय चव्वेचाळीस, लग्न केलेलं नाही. काल दुपारपासून ते या ठाण्याच्या कोठडीत आहेत, कागदावर अटक आज सकाळची आहे. उद्या अकराला त्यांना कोर्टात उभं करणार असं समजलं. घरात आम्ही दोघंच आहोत.

गॅरेजची एक जुनी व्हॅन आहे. पेट्रोलवर चालते. यजमानांनी ती भंगारातून आणून उभी केली होती. सामान आणायला आणि गल्लीत कोणाला गरज लागली तर तीच काढतात.

काल दुपारी एकला दहा मिनिटं कमी असताना समोरच्या दुकानातले शिंपी यांच्या छातीत कळ आली. त्यांच्या बायकोला आम्ही शिंपीणकाकू म्हणतो. त्या धावत आल्या आणि म्हणाल्या, "गाडी काढा, हे कसंतरीच करतायत." भाऊजी जेवत होते. ताटावरून तसेच उठले. शिंप्यांना मागच्या सीटवर आडवं केलं, काकू त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. मी खिडकीतून पाण्याची बाटली दिली. एकला पाच कमी असताना गाडी गल्लीतून निघाली.

पुढचं मी पाहिलेलं नाही. काकूंनी आणि भाऊजींनी सांगितलं ते असं. रेल्वेचं फाटक लागलेलं होतं. भाऊजींनी इंजिन बंद केलं. सहा-सात मिनिटांनी फाटक उघडलं, इंजिन चालू झालं, पण फाटकापुढच्या चढावर गाडीने दोन-तीन आचके दिले आणि ती थांबली. भाऊजींनी शेजारची सीट उचलली, आत डोकं घातलं आणि "फडकं कुठाय, फडकं कुठाय" असं ओरडू लागले. मग अंगातला शर्ट काढून आत कोंबला, बाटलीतलं उरलेलं पाणी त्यावर ओतलं. रस्त्यावरच्या गाड्यांना हात केले. उघड्या अंगाच्या, काळ्या हातांच्या माणसासाठी कोणी थांबलं नाही. अँब्युलन्सला काकूंनी फोन केला, चाळीस मिनिटं लागतील म्हणाले. बावीस मिनिटांनी गाडी चालू झाली. पावणेदोनला दवाखान्यात पोचले. दोन वाजून दहा मिनिटांनी शिंपी गेले. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणायला हवं होतं.

शिंप्यांच्या मेव्हण्यांनी तक्रार दिली आहे की भाऊजींनी गाडी मुद्दाम बंद केली. त्याला त्यांनी तीन कारणं दिली. ती मला इथे वाचायला मिळाली. त्या तिन्हींबद्दल मी सांगते.

पहिलं कारण भांडण. ते झालं हे खरं आहे. आमच्या व्हॅनच्या इंजिनच्या रिंगा झिजल्यात. रिंगा झिजल्या की ऑइल जळतं आणि निळा धूर येतो. नऊ दिवसांपूर्वी त्या धुराची काजळी शिंप्यांनी बाहेर टांगलेल्या पांढऱ्या कोटावर बसली. ते गल्लीत उभे राहून म्हणाले, "मिस्त्री, ही गाडी आहे की धुरांडं? हिला एकदाची मातीत तरी घाल." भाऊजी म्हणाले, "हसा, हसा. एक दिवस हिच्यातच बसायची पाळी येईल तुमच्यावर, तेव्हा बघू." गल्ली हसली. शिंपीही हसले. संध्याकाळी त्यांनी भाऊजींच्या पॅन्टची उसवलेली शिवण घालून दिली आणि म्हणाले, "धूर सोडतोस ते सोडतोस, निदान झाकून तरी फिर." हे मेव्हण्यांना माहीत नाही. काकूंना माहीत आहे. त्यांना आज विचारू नका, चार दिवसांनी विचारा.

दुसरं कारण, गाडीत दोष नाही. आज सकाळी नवाला गाड्या तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी ठाण्याच्या अंगणात गाडी चार वेळा चालू केली. चारही वेळा पहिल्या किल्लीला चालू झाली. त्यांनी "दोष आढळला नाही" असं लिहिलं. माझं म्हणणं एवढंच आहे की गाडी रात्रभर उभी होती. थंड होती. थंड असताना तिला काहीच होत नाही. तापातला रोगी ताप उतरल्यावर तपासला तर तो धडधाकटच निघणार.

तुम्हाला इंजिनमधलं काय कळतं, असं साहेबांनी विचारल्यावरून सांगते की, या इंजिनला तीन सिलिंडर आहेत. सातशे शहाण्णव सीसी. ते पुढच्या दोन सीटच्या खाली असतं, म्हणून वारा कमी लागतो. ठिणगीचा क्रम एक, तीन, दोन. प्लगची फट पाऊण मिलिमीटर. पॉइंटची फट अर्ध्या मिलिमीटरला किंचित कमी. ऑइल तीन लिटरला थोडं कमी लागतं. सकाळी चालू होत नसेल तर थंड इंजिनला जास्त पेट्रोल देणारा चोक बघायचा. झटके देत असेल तर पॉइंट जळलेत. पांढरा धूर येऊन ऑइल दुधासारखं दिसलं तर हेडचं गॅस्केट गेलं, तेव्हा एक पाऊलही पुढे न्यायची नाही. जमादारांनी इथे पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "बाई, ठाण्यात गॅरेज टाकायचंय का?" मी म्हटलं, "उद्या अकरापर्यंतच वेळ आहे दादा, लिहा." त्यांनी लिहिलं.

हे कुठे शिकलात असं विचारल्यावरून सांगते की, यजमानांची एक वही आहे. वरती "इंजिनची दुखणी" असं लिहिलंय. लग्न झालं तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. दुपारी गॅरेजमध्ये काम नसलं की यजमान ती वही पुढे ठेवायचे. मी पहिला शब्द वाचला तो "पंप". त्या वहीवरून मी वाचायला शिकले. नंतर रद्दीतले पेपर, पुस्तकं, जे हाताला लागेल ते वाचलं. वही मी सोबत आणली आहे, ती हजर करते.

वहीतल्या सव्विसाव्या पानावर त्यांच्या अक्षरात असं आहे : "गरम झाल्यावर थांबवली, पाच-दहा मिनिटांनी चालू केली, थोडी चालून आचके देऊन बंद. ठिणगी चांगली. कार्बोरेटरला पेट्रोल नाही. कारण, टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप हेडला चिकटून आहे. इंजिन थांबलं की वारा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं, पंप जास्तच तापतो. आत पेट्रोलची वाफ होते. वाफ ओढता येत नाही. उपाय, पंपावर जाड सुती फडकं चौपदरी बांधावं, ते ओलं ठेवावं. वीस मिनिटं धीर धरावा. चोक ओढू नये." काल फाटकाला नेमकं हेच झालं. भाऊजींनी प्लग काढून बघितला, ठिणगी निळी होती असं त्यांच्या जबाबात आहे. फिल्टरमध्ये पेट्रोल नव्हतं असंही आहे. ज्याला गाडी मुद्दाम बंद करायची तो किल्ली फिरवतो. तो फिल्टर बघत बसत नाही.

तिसरं कारण, भाऊजींची कबुली. त्यांच्या जबाबात "साहेब, गाडी मी बंद पाडली" असं वाक्य आहे. जमादारांनी लिहिण्यात चूक केलेली नाही. भाऊजी तसंच म्हणाले असणार. आमच्या गॅरेजमध्ये तसंच म्हणतात.

याचा खुलासा असा. यजमानांना "गाडी बंद पडली" हे वाक्य खपत नसे. गिऱ्हाईक म्हणालं तर ते ऐकून घ्यायचे, पण गॅरेजमधल्या माणसाने म्हटलं की हातातला पाना खाली ठेवायचे. म्हणायचे, "इंजिन आपणहून पडत नाही. कुणीतरी काहीतरी करायचं बाकी ठेवतो, म्हणून ते पडतं. कोणी पाडली ते सांग." भाऊजी सतराव्या वर्षापासून त्यांच्या हाताखाली. सत्तावीस वर्षं ते "पाडली" म्हणत आलेत. पॉइंट घासायचे राहिले, पाडली. पाणी बघायचं राहिलं, पाडली. शेजारच्या लोहाराने एकदा विचारलं होतं, "काय रे, तू काय रोज गाड्या पाडायला बसतोस का?" भाऊजी म्हणाले, "होय, आणि दादा उचलायला."

मला काना शिकवला तोही याच शब्दावर. त्यांनी वहीत "पडली" लिहिलं, मग "प"च्या पुढे दांडा ओढला आणि म्हणाले, "बघ, एवढ्या एका काठीने दोष गाडीचा निघून आपल्याकडे आला." भाऊजींच्या जबाबात ती काठी आहे. ठाण्यातल्या माणसांना ती गुन्ह्याची वाटली. ती गॅरेजची आहे.

मग तुमच्या दिराने काय करायचं बाकी ठेवलं होतं, असं साहेबांनी विचारल्यावरून सांगते की, त्यांनी काहीच बाकी ठेवलं नव्हतं. फडकं मी काढलं होतं.

पंपावरचं ते फडकं यजमानांनी बांधलेलं होतं. त्यांच्या जुन्या खाकी शर्टाचा तुकडा, खिशाकडचा, चौपदरी केलेला, वरून ट्यूबच्या पट्टीने आवळलेला. सहा दिवसांपूर्वी, सुट्टीच्या दिवशी, मी सीट उचलून आतलं ग्रीस पुसत होते. तेव्हा ते काढलं.

का काढलं असं विचारल्यावरून सांगते की, धुवायचं होतं.

धुतलं का असं विचारल्यावरून सांगते की, नाही.

यजमानांचे बाकीचे कपडे कुठे आहेत असं विचारल्यावरून सांगते की, वर्ष झाल्यावर सगळे देऊन टाकले. मीच दिले.

फडकं सध्या कुठे आहे असं विचारल्यावरून सांगते की, कालपर्यंत माझ्या उशीच्या अभ्र्यात होतं. आता या पिशवीत आहे. त्याच्या जागी दुसरं बांधायचं मनात होतं. सकाळ-संध्याकाळ गारवा होता, गरम व्हायला अजून महिना आहे असं धरलं. भाऊजींना सांगितलं नाही. काय सांगायचं ते सुचलं नाही. दुसरं बांधायचं राहिलं.

गाडी निघताना हे आठवलं होतं का असं विचारल्यावरून सांगते की, बाटली देताना आठवलं नाही. गाडी गल्लीच्या वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा आठवलं. मी भाऊजींना फोन लावला. फोन त्यांच्या ताटाजवळ वाजला. मग मी फडकं घेऊन कोपऱ्यापर्यंत धावले. तिथून मोठा रस्ता आहे. मी परत आले आणि ताट झाकून ठेवलं.

काल हे का सांगितलं नाही असं विचारल्यावरून सांगते की, काल जमादारांनी मला गाडी कोणाची आणि चालवतं कोण एवढंच विचारलं. त्यापुढचं मी सांगितलं नाही. भ्याले.

आज सकाळी दहाला मी भाऊजींना डबा द्यायला आले. तेव्हा गजांतून बोलणं झालं. ते म्हणाले, "वहिनी, फडकं कुठं गळून पडलं असेल हो? माझ्याकडून पट्टी सैल राहिली असणार. दादा असते तर कान उपटले असते." मी म्हटलं, "भाऊजी, गळलं नाही. मी काढलंय." त्यांनी डबा खाली ठेवला. मग म्हणाले, "खिशाकडचं आहे ना ते?" मी हो म्हटलं. म्हणाले, "मग ठेवा. आणि साहेबांना काही बोलू नका. डबा आणायला बाहेर कुणीतरी लागेल." हसायचा प्रयत्न केला. डबा त्यांनी उघडला नाही. मी तिथून उठून सरळ साहेबांच्या टेबलाशी आले.

माझी विनंती अशी होती की गाडी तापवून तपासावी. साहेब म्हणाले, अहवाल झालाय. मी म्हटलं, मी इथून उठणार नाही. साहेब म्हणाले, नका उठू. पाऊण तास मी बाकावर बसले. मग जमादारांनीच साहेबांना म्हटलं, "साहेब, माझीही व्हॅन तसलीच होती. उन्हात असंच करायची. कधी कळलं नाही का करते." साहेबांनी किल्ली दिली. इथे जबाब थांबवला.

जबाब पुढे चालू. वेळ दुपारी पावणेतीन.

गाडी अंगणात उन्हात उभी केली. एक वाजता जमादारांनी इंजिन चालू केलं. मी सीटशेजारी उभी होते, साहेब ओट्यावर सावलीत. वीस मिनिटं झाली, अर्धा तास झाला, इंजिन चालूच. साहेब म्हणाले, "बाई, ही तर घड्याळासारखी चालतेय." मी म्हटलं, चालणारच, वाहतं पेट्रोल तापत नाही, फाटकाला थांबवली होती तशी थांबवा. एक पस्तीसला थांबवली. सात मिनिटं मोजली. त्या सात मिनिटांत मी देवाचं नाव घेतलं नाही, यजमानांचंही नाही. मी त्या गाडीला म्हणत होते, पड, बाई, पड एकदा. हे लिहायची गरज नसेल तर खोडावं.

एक बेचाळीसला जमादारांनी किल्ली फिरवली. पहिल्या झटक्याला चालू झाली. साहेब ओट्यावरून उठले आणि आत जायला वळले. तेवढ्यात आतून, कोठडीतून, भाऊजींचा आवाज आला, "साहेब, थांबा! ती आता जाणार बघा. आवाज फाटलाय तिचा." कोठडीतून अंगण दिसत नाही. जमादार म्हणाले, "मला तर काही ऐकू येत नाही." मग गाडीने दोन आचके दिले, एक खोकल्यासारखा, आणि बंद झाली. एक वाजून पंचेचाळीस मिनिटं. जमादारांनी सहा वेळा किल्ली मारली. चालू झाली नाही. त्यांनी चोकला हात घातला तेव्हा आतून पुन्हा आवाज आला, "वहिनी, त्यांना चोक ओढू देऊ नका!" जमादारांनी हात काढून घेतला.

साहेबांनी स्वतः सीटखाली वाकून फिल्टर पाहिला. रिकामा होता. मी प्लग काढून ठिणगी दाखवली. निळी होती. मग साहेब म्हणाले, "आता फडकं लावून दाखवा."

दुसरं कुठलंही सुती कापड चाललं असतं. मी तसं म्हटलं. साहेब म्हणाले, हेच पंपावर होतं कशावरून, ते बसवून दाखवा. ते बरोबर आहे. फडक्याला पंपाचा आकार आलेला आहे, दोन बोल्टांच्या जागी दोन भोकं आहेत. ते जसंच्या तसं बसलं. जमादारांनी तांब्याभर पाणी आणून माझ्या हातात दिलं.

पाणी मी ओतलं.

बारा मिनिटांनी किल्ली मारली. चालू झाली आणि पुढे अर्धा तास चालू राहिली. साहेबांनी मोबाइलवर वेळा टिपल्या आहेत. तपासणी अधिकाऱ्यांना त्यांनी माझ्यासमोर फोन करून पुन्हा यायला सांगितलं. भाऊजींना आज सोडतील का असं मी विचारलं. साहेब म्हणाले, ते माझ्या हातात नाही, कागद उद्या कोर्टापुढे ठेवतो.

फडकं मुद्देमाल म्हणून जमा करून घेतलं आहे. त्याचं वर्णन : खाकी सुती कापड, एक वीत लांब, खिसा एक, खिशाच्या कडेला आत ठेवलेल्या फट मोजायच्या पट्टीने पडलेला उभा ओरखडा, संपूर्ण ओलं. शर्ट कोणी शिवला होता असं विचारल्यावरून सांगते की, समोरच्या शिंप्यांनी.

शिंपीणकाकूंना मी अजून काही सांगितलेलं नाही. त्या काल रात्रभर म्हणत होत्या की माझा माणूस जात होता आणि हा हात पुसायला फडकं मागत होता. भाऊजी हात पुसायला मागत नव्हते. एवढं तरी काकूंना आजच्या आज कोणीतरी सांगावं. मी सांगेन, पण मला त्या दारात उभं करतील असं वाटत नाही.

माझ्यावर कुठलं कलम लागतं ते मला माहीत नाही. जे लागेल ते लावावं. भाऊजींच्या जबाबातली ती काठी त्यांची नाही.

वरचा मजकूर जमादारांनी मला वाचून दाखवला. नंतर मी कागद हातात घेऊन स्वतः वाचला. शेवटच्या पानावर त्यांनी माझ्या तोंडी "फडकं नसल्याने गाडी बंद पडली" असं लिहिलं होतं. घाईत लिहिलं की मला सांभाळून घ्यायला, ते मी विचारलं नाही. पेन मागून घेतलं, ओळीच्या वर "मी" हा शब्द घातला आणि "प"ला काना दिला. खाडाखोडीपुढे सही केली आहे. आता सगळं मी सांगितल्याप्रमाणे आहे.